राजारामपुरीतली फिश खानावळ: सुरमई भारी, भिंतीवरचा नकाशा लय भारी

सुरमई फ्रायला पाचपैकी साडेचार, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाला पाच, आणि सोलकढीला दोनच, कारण नुसतं कोकमाचं पाणी आहे, नारळ लांबनं दाखवून काढलाय. नाव देत नाही, आधीच टेबल मिळंना झालंय. आणि हो, माशाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा मागू नका, मालक फक्त बघतात तुमच्याकडं.

खरी मजा काउंटरमागच्या फळ्यावर आहे. नुसतं 'ताजी मासळी' असं नाही, कुठला मासा कुठनं आला आणि कशानं धरला ते खडूनं लिहिलेलं असतं. बांगडा, मालवण, रापण (म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं जाळं). सुरमई, देवगड, गळ. मी सहज विचारलं मालक हे कशाला, तर ते हातातलं बिलबुक ठेवून भिंतीवरच्या नकाशाकडंच घेऊन गेले. किनाऱ्यापासनं 12 सागरी मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंत मासेमारीचे नियम राज्याचे, त्यासाठी 1981 चा कायदा आहे, 2021 ला सुधारणा होऊन दंड लाखांत गेला, आणि तिथनं पुढं 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचा कारभार. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठ्या जाळ्यानं गोल घेरून माशांचा अख्खा थवाच उचलणाऱ्यांना, राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला तर बंदीच, तरी रात्री बाहेर दिवे दिसतात म्हणे आणि सकाळी रापणवाल्याच्या जाळ्यात काय येतंय तर शेवाळ. ऐकता ऐकता माझा बांगडा गार झाला, पण ठीक आहे.

शेजारी दुसरा नकाशा आहे, बेल्जियमचा, तो मालकांच्या भाच्यानं लावलाय. त्यांचा सगळा समुद्र मिळून जेमतेम 3,450 चौरस किलोमीटर, आपला कोल्हापूर जिल्हा 7,685, म्हणजे निम्म्यालाही कमी! तेवढ्यात पवनचक्क्या, जहाजांचे रस्ते, वाळू उपसा, लष्कराचा सराव, मासेमारी आणि राखीव भाग, सगळ्याला जागा नेमून दिलीय. 2014 ला राजाच्या हुकमानं आराखडा झाला, मग 2020 ते 2026 साठी नवीन. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात मासेमारीची बोट घालायची नाही म्हणजे नाही, त्यामुळं तिथलेही मच्छीमार कुरकुरतातच. युरोपनं 2014 लाच आपल्या किनारी देशांना सांगितलं होतं की मार्च 2021 पर्यंत असे आराखडे करा. ऑस्ट्रेलियानं तर ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या पट्ट्याचा नकाशाच रंगवलाय, हिरव्या पट्ट्यात पोहा, बघा, पण गळ टाकायचा नाही, गुलाबी पट्ट्यात परवानगीशिवाय पाऊलच नाही, आणि 2004 पासनं रीफ पार्कचा जवळपास 33 टक्के भाग मासेमारीला बंद.

आपल्याकडं नियम कमी नाहीत हो, पण मासेमारीचा कायदा एकीकडं, किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम दुसरीकडं, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासनं वन्यजीव कायद्याखाली, बंदरांचं आणखी वेगळं. एका कागदावर सगळं कुठं आहे? नॉर्वेच्या मदतीनं पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपला असा आराखडा करायचं काम हातात घेतलंय, महाराष्ट्राचा नंबर कधी लागतोय बघू.

बरं, जून-जुलैचं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते आणि गावातली अर्धी हॉटेलं तेव्हाही 'ताजा मालवणी पापलेट' म्हणून बोर्ड लावून बसतात, एका ठिकाणी मी जुलैत खाल्लाय, कापूस होता कापूस. इथं सरळ 'फ्रोजन' लिहितात. नाहीतर 'पूर्व किनारा', कारण तिकडची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते, म्हणून जूनच्या शेवटाला तिकडचा माल येऊ शकतो. बाकी त्या दोन महिन्यांत सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी आणि मरळ. जवळा आणि गरम भाकरी, नाद खुळा.

पार्किंग शून्य, गाडी लांब लावून चालत या. रविवारी दुपारी तर जाऊच नका, बाहेर उभं राहून भूक मरते. हात धुवायची जागा नेमकी बेल्जियमखाली केलीय, त्यामुळं खालच्या कोपऱ्यातले पट्टे पाण्यानं पुसलेत, मालकांनी प्लास्टिक तरी लावावं. आणि सोलकढीत नारळ घाला राव, पाहिजे तर दहा रुपये वाढवा.