टेम्पोचा कॅटकॉन गेला: घरी बदलावा, वेल्डरकडे न्यावा की सर्व्हिस सेंटरला?

भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाटात गाडीने दम टाकला. एरवी जिथे तिसऱ्या गिअरात निवांत चढायची, तिथे दुसरा टाकला, तोही पुरेना. इगतपुरीला चहाला थांबलो, गाडी बंद केली, तरी खालून अशी धग येत होती की जवळ उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर गार गाडीखाली सरकलो आणि डब्यावर मूठ मारली. आत खुळखुळा वाजला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरच्या मधला, धूर साफ करणारा डबा, मिस्त्री लोकांच्या तोंडी कॅटकॉन, आतून फुटला होता.

माझी गाडी पेट्रोल-सीएनजीवरचा छोटा टेम्पो आहे, बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या २०२० आधीच्या नियमांतली. हा डबा मी एकदा गॅरेजमध्ये बदलून घेतलाय, एकदा घरी बदललाय, आणि मेहुण्याच्या गाडीसाठी वेल्डरकडे तासन्‌तास बसलोय. तिन्ही पाहून झालंय म्हणून लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मजुरी वाचेल म्हणून घरी करणार असाल तर करू नका. या कामाच्या बिलात मोठा आकडा मालाचा असतो, मजुरी त्यात कोपऱ्यात बसते. घरी करण्याचं खरं कारण जुना डबा आहे. तो तुमच्याकडेच राहतो.

पहिल्या वेळी मिस्त्री मला म्हणाला होता, "मजुरीचं राहू दे भाऊ, घरचंच काम आहे. जुना माल तेवढा इथेच ठेव." मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! नंतर कळलं की आतल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो, तो काढणारे लोक आहेत, आणि त्यासाठी भंगारवाले जुना कॅटकॉन वेगळा भाव लावून उचलतात. जाळी फुटली तरी ती किंमत जात नाही, तुकडेसुद्धा चालतात. थोडक्यात मजुरी मी दिलीच होती, फक्त नोटांत दिली नव्हती. म्हणून गॅरेजला काम देणार असाल तर पहिला प्रश्न मजुरीचा नको. "जुना डबा मला परत मिळणार ना?" हे विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. समोरच्याचा चेहरा जरा बदलतो, बदलू द्या.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. डबा खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशाने?

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-०४२० कोड आला की लोक सरळ नवीन डबा आणतात. तो कोड एवढंच सांगतो की मागच्या ऑक्सिजन सेन्सरला डब्याचं काम कमी दिसतंय. जॉइंटमधून हवा लीक होत असेल, सेन्सर म्हातारा झाला असेल, तरी हाच कोड येतो. खरी परीक्षा दाबाची. डब्याच्या पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचा. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, काटा साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत राहायला हवा. त्याच्या बराच वर गेला तर वाट तुंबलीय. माझ्याकडे गेज नव्हता, पण खुळखुळा आणि कसारा घाट यांनी मिळून निकाल दिला होता. थंडीत निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा सकाळी सायलेन्सरमधून वाफ आणि पाणी गळतं, त्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही. ते पाणी जळणातूनच तयार होतं.

कशाने गेला, हे तर सोडूच नका. कॅटकॉन सहसा आपल्या मरणाने मरत नाही. प्लग किंवा त्याला करंट देणारी कॉइल कमजोर झाली की इंजिन मिसिंग करतं, म्हणजे मधेच ठिणगी चुकते, न जळलेलं इंधन डब्यात जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. सीएनजीला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे पेट्रोलवर गोड चालणारी गाडी गॅसवर लोड घेताना मिसिंग करते आणि आपण "गॅसची गाडी अशीच" म्हणून सोडून देतो. माझं तेच झालं होतं, चारपैकी एक कॉइल गेली होती. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर बसून तिला निकामी करतो. हे दुरुस्त न करता नवीन डबा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, मग तो घरी बसवलेला असो की कंपनीत.

आता घर विरुद्ध गॅरेज. तुमच्या गाडीचा डबा दोन्ही टोकांना फ्लँज (पाइपाच्या तोंडाची भोकांची चकती) आणि बोल्टने बसलेला असेल तर घरी विचार करा. एका टोकाला वेल्ड असेल किंवा डबा मॅनिफोल्डलाच (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांनाच) जोडून आला असेल तर इथेच थांबा, ते घरचं काम नाही.

घरच्या कामात पाने दिसतात सगळ्यांना, वेळ दिसत नाही. मी शनिवारी रात्रीच बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. रविवारी सकाळी सपाट काँक्रीटवर गाडी घेतली, मागच्या चाकांना ठोकळे लावले, बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. डबा गार हवाच, काही तास तरी. सेन्सरला २२ नंबरचा फट असलेला बॉक्स पाना लागतो, म्हणजे वायर न कापता तो बसतो. साध्या पान्याने मी पहिल्यांदा सेन्सरचे कोपरे गोल केले होते.

तीन बोल्ट सरळ आले. प्रत्येकाला आधी किंचित घट्ट बाजूला हलवलं, गंज कडकन सुटल्याचा आवाज आला, मग उलटं फिरवलं. चौथा मुंडीपासून तुटला. संध्याकाळचे पाच, रविवार, आणि ड्रिल मारून तुटका स्टड काढून देणारा लॅथवाला दुसऱ्या दिवशी दहानंतर उघडणार. सोमवारी पहाटे पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवायचे होते, ते शेजाऱ्याच्या गाडीत गेले. एक खाडा पडला. हिशेबात हा खाडा धरला तर माझी वाचलेली मजुरी तिथेच संपली. म्हणून ज्याचं पोट रोज गाडी चालण्यावर आहे आणि दुसरी गाडी हाताशी नाही, त्याने घरच्या कामासाठी दोन दिवस रिकामे धरावेत, एक नाही.

बसवताना काही गोष्टी जपा. डब्यावरचा बाण धुराच्या दिशेने असावा. पॅकिंग नवीनच घ्या. आणि जॉइंटला सिलिकॉनचा सीलंट लावायचा मोह टाळा, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. सगळे बोल्ट आधी ढिले लावून पाइप सरळ रेषेत आला की मगच आवळा, नाहीतर सायलेन्सरचे रबर ताणून राहतात आणि महिन्याभरात तुटतात. जुना डबा कुतूहलापोटी कापून बघू नका. जाळीभोवतीच्या चटईचे तंतू आणि सिरॅमिकची धूळ छातीत जाण्यासारखी नाही.

सर्व्हिस सेंटरला यातलं काहीच तुम्हाला करावं लागत नाही. लिफ्ट असते, बोल्ट तापवायला गॅसची ज्योत असते, तुटका बोल्ट त्यांची डोकेदुखी असते, स्कॅनरने कोड साफ करून देतात आणि बिल मिळतं. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा. माल मात्र तिथे कंपनीचाच घ्यावा लागतो आणि तोच महाग. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र दुसरीकडे पाहूही नका.

वेल्डरचा रस्ता आमच्या नाशिकला द्वारका आणि आडगावच्या बाजूला गाड्या लावणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पाइप कापायचा, बाजारातला सर्वसाधारण डबा मध्ये वेल्ड करायचा, तासा-दीड तासात गाडी मोकळी. तुटक्या बोल्टची भानगडच नाही. घाई असेल, गाडी जुनी असेल तर मी यालाही नाव ठेवणार नाही. पण अशा स्वस्त डब्यात मौल्यवान धातू कमी असतो आणि काही महिन्यांत तोच कोड परत येऊ शकतो. मेहुण्याच्या गाडीला आला. आणि सीएनजीची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय आणि बॅटरी सोडल्याशिवाय गाडीखाली वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. माझं म्हणणं तर असं की पाइप खोलून बाहेर काढा आणि वेल्डिंग बाकावर करून घ्या. वेल्डर कुरकुर करेल.

सेकंडहँड डब्याबद्दल फार लिहीत नाही. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला, पण जुना माल विकणारे शहरात मिळतातच. विजेरी धरून आरपार पाहा, बारीक जाळी सलग दिसली पाहिजे. कधीकधी डबा बाहेरून झकास आणि आत पोकळ निघतो, कारण आतलं आधीच कुणीतरी विकलंय. बिल नसेल तर चोरीचाही असू शकतो.

"डबाच काढून सरळ पाइप टाक" हा सल्ला फुकट मिळतो आणि सगळ्यात महाग पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड व तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. शिवाय मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग आहेच. पेठ रोडला आरटीओत गाडी उभी करायची आदल्या रात्री कुणाकडे डबा उसना मागणार?

१ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर वरचं घरचं प्रकरण तुमच्यासाठी नाहीच. तिथे कॅटकॉनला लागूनच काजळीचा फिल्टर, तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर, मोठ्या ट्रकला युरियाची यंत्रणा असं सगळं एकत्र असतं, आणि नवीन भाग बसवल्यावर तो कॉम्प्युटरला स्कॅनरने शिकवावा लागतो. थेट सर्व्हिस सेंटर.

बीएस-४ पेट्रोल किंवा सीएनजी, दोन्हीकडे फ्लँज, दोन दिवस रिकामे, आणि मिसिंगचं कारण सापडलेलं, एवढं जमत असेल तर घरी करा, माल बिलाचा आणा. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर दहा-पंधरा मिनिटं डब्यातून धूर आणि जळका वास येतो. आतली चटई तापून बसत असते. मी त्या वासाला घाबरून अर्धे बोल्ट परत सोडले होते, तुम्ही सोडू नका. गाडी वाळक्या गवतावर तेवढी उभी करू नका.