खाली केलेली गाडी, ‘स्पोर्ट्स सेटिंग’ आणि हिरवा रिपोर्ट: अलाइनमेंटच्या नावाखाली झालेली फसवणूक

लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी खाली केली असेल, तर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, नेण्याआधी हे वाचा. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाने माझ्याकडून साडेनऊ हजार रुपये घेतले, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, असलेला रिपोर्ट हातात दिला आणि सांगितलेल्या कामातलं जवळपास काहीच केलं नाही. जे एक काम केलं, त्याने गाडीचं नुकसान झालं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी हे कसं केलं ते सविस्तर सांगतो.

गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १७ इंची चाकं. ही गाडी कंपनीतूनच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा थोडी खाली येते. स्प्रिंग बदलून मी ती आणखी साधारण २५ मिलिमीटर खाली घेतली. स्प्रिंग बसवणाऱ्या आमच्या मेकॅनिकने एक काम फार चांगलं केलं होतं. पुढच्या टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्यांचे) चेकनट आणि मागच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे ज्यांना हात लावल्याशिवाय चाकांचे कोन जुळवता येत नाहीत ते, या प्रत्येकावर त्याने पांढऱ्या पेंट मार्करने नटावरून शेजारच्या भागापर्यंत सलग रेघ ओढून ठेवली. नट जराही फिरला तर रेघ तुटणार. पुढे सगळं प्रकरण या रेघांवरच उभं राहिलं.

गाडी खाली गेली की दोन गोष्टी बदलतात. चाक वरच्या बाजूने आत झुकतं, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह होतो; आणि टाय रॉड व लोअर आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरत असल्यामुळे टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळली आहे ते, बदलतो. टायर खातो तो मुख्यतः टो. पुढे एक ते दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर असला आणि टो शून्याच्या जवळ असला, तर रोजच्या वापरात टायर बऱ्यापैकी सारखं झिजतं. उलट कॅम्बर अगदी शून्यावर आणला आणि टो बाहेर राहिला, तर टायर आतून खलास. त्यातही मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली) गाडी खाली केली की वळणावर कलताना तिला मिळणारा कॅम्बर कमी होतो. त्यामुळे उभ्या गाडीला जो निगेटिव्ह कॅम्बर मिळाला आहे तो घालवणं म्हणजे ताम्हिणीच्या वळणांवर पुढची पकड घालवणं.

हे माहीत असल्यामुळे मी आकडे कागदावर लिहूनच नेले होते. पुढचा कॅम्बर आहे तसाच ठेवा, फक्त दोन्ही बाजूंचा फरक कमी करा. पुढचा एकूण टो शून्य ते पाच मिनिटं आत (साठ मिनिटं म्हणजे एक अंश). मागचा कॅम्बर दीड अंशाच्या आसपास, मागचा टो थोडा आत. आधी मागची चाकं, मग पुढची, कारण पुढची चाकं मागच्या चाकांच्या दिशेला जुळवायची असतात. दुकानाच्या मालकाने कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, “सर, खाली केलेल्या गाड्यांचं आमचं वेगळं स्पोर्ट्स सेटिंग असतं. कॅम्बर काढावा लागेल, नाहीतर टायर चार-पाच हजार किलोमीटरमध्ये संपणार.” मी स्पष्ट नकार दिला. कॅम्बर काढायचा नाही, कागदावर आहे तेवढंच करा. कागदाची एक प्रत त्यांच्या जॉबकार्डला स्टेपल करून घेतली. मग “ग्राहकांना आत परवानगी नाही” म्हणून मला काचेपलीकडे बसवलं. तिथून रॅम्पवरच्या गाडीचा फक्त मागचा भाग दिसत होता.

थोड्या वेळाने बिल आलं. त्यात ‘स्पोर्ट्स सेटिंग’ आणि ‘कॅम्बर करेक्शन, दोन्ही बाजू’ असे दोन आकार होते. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळालं की मशीनने लाल दाखवलं, करावंच लागलं, आता केलेलं काम उलटं होत नाही. गाडी रॅम्पवरून उतरली होती, किल्ली त्यांच्याकडे होती. पैसे भरले आणि पक्कं बिल घेतलं.

पहिल्याच दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. फोन केला तर म्हणे, “आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतो सर, खाली केलेली गाडी उतार जास्त पकडते.” रस्त्याला डावीकडे उतार असतो हे खरं आहे, आणि म्हणूनच ही थाप लगेच पचते. पण उजव्या लेनमध्ये, दुभाजकाच्या बाजूच्या सपाट पट्ट्यावरसुद्धा गाडी तेवढीच ओढत होती. काही आठवड्यांत पुढच्या टायरच्या आतल्या कडेला हात फिरवला की बोटांना करवतीसारखे दाते लागायला लागले.

ओळखीतून कोल्हापूरच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर रॅलीच्या गाड्यांवर काम केलं आहे. त्यांनी गाडी मशीनवर घेतलीच नाही. चार स्टँड लावून गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, समांतर दोऱ्या ताणल्या आणि स्टीलच्या पट्टीने रिमची पुढची व मागची कड दोरीपासून किती लांब आहे ते मोजलं. १७ इंची रिमवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण आठ मिनिटं. पुढचा टो एकूण तीन मिलिमीटर बाहेर होता, म्हणजे जवळजवळ २४ मिनिटं. माझ्या रिपोर्टवर तो चार मिनिटं आत छापला होता.

मग त्यांनी गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. चेकनटावरची पांढरी रेघ अखंड होती. दुसऱ्या बाजूची पण. मागच्या एक्सेंट्रिक बोल्टांवरच्या रेघाही तशाच, वर धुळीचा थर. काका म्हणाले, “ह्या नटाला पाना लागल्यालाच न्हाई. मग टो बदलला कशानं?” डाव्या स्ट्रटवर मात्र नकलच्या (चाक ज्याला जोडलेलं असतं त्या भागाच्या) वर रंग उडालेला होता, साखळी आवळल्याचे वळ होते आणि शॉकअपमधून तेल झिरपत होतं. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवला होता, आणि तोही फक्त डावा. डावीकडचा कॅम्बर जवळपास शून्यावर आला होता, उजवीकडे सव्वा अंश निगेटिव्ह तसाच. ज्या बाजूचा कॅम्बर कमी निगेटिव्ह असतो त्या बाजूला गाडी ओढते. रस्त्याच्या उताराचा त्यात काही संबंध नव्हता.

रिपोर्ट हिरवा कसा आला, हा प्रश्न राहिला होता. तो घेऊन बसल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. मॉडेलच्या रकान्यात १.४ टीएसआय निवडलेलं होतं. त्या गाडीला मागे बीम ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) असतो, ज्याला सेटिंग करायला काही नसतंच; माझ्या गाडीला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे आर्म) आहे. चुकीचं मॉडेल टाकलं की मागची चाकं आपोआप वगळली जातात. मागच्या चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे मिनिटासकट सारखे होते. सुरुवात आणि शेवट यांच्या छापील वेळांत अकरा मिनिटांचं अंतर होतं. एवढ्यात गाडी पुढेमागे ढकलून रनआउट (रिम-क्लॅम्पच्या तिरकेपणामुळे मापात येणारी चूक) काढणं, मागची चाकं लावणं, दोन स्ट्रटचं काम आणि पुढचा टो, हे सगळं होऊच शकत नाही. आणि टोचा आकडा? काकांनी ओळखीच्या दुकानात नेऊन तेही दाखवलं. रिमवरचा क्लॅम्प किंचित ढिला करून त्यावरचं टार्गेट (ज्यावरून मशीन कोन वाचतं ती पाटी) जरासं तिरकं केलं की स्क्रीनवरचा आकडा सरकत सरकत हिरव्यात येतो. चाक जागचं हलत नाही. माझ्या गाडीच्या वेळी नेमकं हेच केलं का ते मी पाहिलेलं नाही, पण अखंड रेघा आणि बदललेला आकडा या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

तुमच्या गाडीच्या बाबतीत एवढं नक्की करा. चेकनटांवर आणि एक्सेंट्रिक बोल्टांवर आधीच रेघा ओढा आणि फोटो काढा. मशीनमध्ये मॉडेल निवडताना स्वतः स्क्रीनसमोर उभे राहा. जिथे उभं राहू देत नाहीत तिथे गाडी देऊ नका. सुरक्षिततेचं कारण सांगतील, तर पिवळ्या पट्टीच्या बाहेरून बघतो म्हणा. ‘आधी’चे आकडे काम सुरू होण्यापूर्वी छापून मागा. एकक बघा: १°३०′ म्हणजे दीड अंश, १.३० नव्हे. आणि स्ट्रट वाकवून कॅम्बर काढू देऊ नका, कुणी कितीही घाबरवलं तरी. या वर्गातल्या गाड्यांना पुढे कॅम्बरचं वेगळं सेटिंग नसतं. सबफ्रेम (पुढचे आर्म ज्याला जोडलेले असतात तो सांगाडा) सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात, किंवा त्यासाठी बनवलेल्या कॅम्बर प्लेट बसवता येतात. वाकवलेला शॉकअप आतून एका बाजूला घासत राहतो आणि त्याचं सील जातं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर दुकानाने अलाइनमेंटचे पैसे परत केले. स्ट्रट आणि टायरची भरपाई मात्र नाकारली, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. स्टेपल केलेला कागद, पक्कं बिल, रिपोर्ट आणि रेघांचे आधीचे-नंतरचे फोटो, एवढं सगळं जोडलं आहे. तुमच्याकडे असं बिल असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.