गिधाडांसाठी काम: प्रजनन केंद्र की सुरक्षित खाद्यस्थळ?

भाचीने विचारलं, "मामा, गिधाडांसाठी काम करायचंय. प्रजनन केंद्रात जाऊ की गिधाडांसाठी विषमुक्त मेलेली जनावरं ठेवतात त्या खाद्यस्थळावर?"

आधी दुखणं समजून घे, म्हटलं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली ती यामुळेच. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. हे विष पचवणारी पिढी उत्क्रांतीतून घडेल, एवढी उसंत या पक्ष्याला मिळालीच नाही.

खर्चाच्या बाबतीत केंद्र फार जड. हरियाणातल्या पिंजोरसारख्या ठिकाणी मोठे पिंजरे, पशुवैद्य, औषधमुक्त बकऱ्यांचं मांस, सगळं वर्षानुवर्षं पुरवावं लागतं. खाद्यस्थळ स्वस्त, पण गुराखी आणि पशुपालक विश्वासाने मेलेलं जनावर देतील तरच चालतं. रायगडात फणसाड अभयारण्यात असा प्रयत्न झालाय.

भरवसा? बंदिस्त पक्षी सुरक्षित असतो, जातीचं बियाणं टिकतं. रानातलं गिधाड मात्र दिवसाला शंभर किलोमीटरही सहज उडतं. पलीकडच्या तालुक्यात विषारी मढं मिळालं की संपलं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या.

जिथे एकही घरटं उरलेलं नाही, तिथे केंद्राशिवाय इलाज नाही. घरटी अजून आहेत तिथे खाद्यस्थळच हवं, सोबत मेलॉक्सिकॅम या गिधाडांना न बाधणाऱ्या वेदनाशामकाचा आग्रह. भाचीला माणसांशी बोलायला आवडतं. मी तिला गोठ्यांकडे धाडलं.