आगासीची शाळा की फेडररच्या बालवाड्या?
दोघेही टेनिसपटू, दोघांचाही पैसा गरीब मुलांच्या शिक्षणात. पण रीत उलटी. नववीतच शाळेला रामराम ठोकलेल्या आंद्रे आगासीने १९९४ मध्ये फाउंडेशन काढलं आणि २००१ मध्ये लास व्हेगासच्या गरीब वस्तीत चक्क शाळाच उघडली. पहिली तुकडी २००९ मध्ये बाहेर पडली. जागा एकच, पण मुलाचं बोट थेट कॉलेजच्या दारापर्यंत धरलेलं. पुढे मात्र ती दुसऱ्या संस्थेकडे सोपवली.

रॉजर फेडररचं फाउंडेशन २००३ चं. आई लिनेट दक्षिण आफ्रिकेची, त्यामुळे ओढा तिकडेच. मलावी, झांबियासारख्या देशांत स्थानिक संस्थांना सोबत घेऊन लहानग्यांच्या शिक्षणावर भर. फीत कापायची संधी कमी, पण मला हीच वाट जास्त पटते: खेळाडू बाजूला झाला तरी बाई वर्गात असतातच.