खापरावरचा लेप: एफटीआयआर की जीसी-एमएस?

नागपुरात पुरातत्त्व शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, महापाषाणीय (मोठ्या दगडांची थडगी उभारणाऱ्या काळातल्या) खापरावर चकाकी आहे. राळ असेल की लाख? कोणती चाचणी करू?"

बाळा, नुसत्या घोटाईनेही (भाजण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत केल्यानेही) खापर चकाकतं, हे आधी लक्षात घे.

एफटीआयआर म्हणजे नमुना अवरक्त प्रकाश कसा शोषतो हे पाहणारी चाचणी. तिला कणभर खरवड पुरते, काही मिनिटांत आलेख मिळतो, खर्चही कमी. पण ते बहुधा गटच सांगतं: मेण, तेल, राळ. त्यात मातीतल्या सिलिकेटचा (वाळू-मातीतल्या खनिजांचा) आलेखावर १००० सेमी⁻¹ जवळ दिसणारा रुंद पट्टा बारीक खुणा झाकून टाकतो.

जीसी-एमएस म्हणजे मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी चाचणी. तिच्यात नमुना द्रावकात जातो, परत मिळत नाही. तयारी किचकट, खर्च जास्त. पण रेणू कळतो: अ‍ॅल्युरिटिक आम्ल सापडलं तर लाख, डिहायड्रोअबिएटिक आम्ल असेल तर चीडवर्गीय झाडाची राळ. मिश्र लेपासाठी माझा भरवसा यावरच. मात्र प्लास्टिक पिशवीतले थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) आणि बोटांचं तेलही त्यात उमटतं. खापर अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेव, धुऊ तर मुळीच नकोस. जुन्या संग्रहातलं असेल, तर जतनासाठी कुणी लाख लावली होती का, तेही विचार.

ढीगभर खापरांतून लेपवाली वेगळी काढायची तर एफटीआयआर. लेप कशाचा हे प्रबंधात ठामपणे लिहायचं, तर त्यातली दोन-तीन जीसी-एमएसला दे.