१४सी२८एन पात्याचा फोल्डिंग चाकू: पावसाळ्यानंतरचा अनुभव

१४सी२८एन या स्टेनलेस पोलादाचं पातं उत्तम आहे. माझा राग स्क्रूंवर आहे.

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर खिशातला चाकू पूर्ण कोरडा असा राहतच नाही. वर घामातलं मीठ. इथे स्वस्त मिळतो म्हणून डी२ पोलादाचा चाकू कुणी घेऊ नये. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण कार्बनही दीड टक्का असतो. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला थोडंच मोकळं उरतं. कैरी कापून न पुसता मिटला, की सकाळी धारेवर तांबूस ठिपके. धार पातळ असल्यामुळे आधी तीच खाल्ली जाते, म्हणून चाकू न वापरताच बोथट वाटतो.

१४सी२८एनमध्ये कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि ०.११ टक्के नायट्रोजन. कार्बन आवरता घेऊन कडकपणाची उणीव नायट्रोजनने भरली आहे, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. रतांबे, बांगडे, ओलं खोबरं, सगळं कापून झालं, पात्यावर डाग नाही. धारही १००० ग्रिटच्या साध्या दगडावर पटकन परत येते.

इथवर पाचपैकी पाच देणार होतो. मग चाकू उघडताना करकरायला लागला.

टी८ बिटने (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूड्रायव्हर-टोकाने) खोलला. सांध्यातल्या बेअरिंगच्या गोळ्यांभोवती नारिंगी चिखल, लायनरवर (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीवर) वॉशरच्या आकाराचं गंजाचं कडं. खिशाला अडकवायच्या क्लिपचे काळे स्क्रू साध्या पोलादाचे, कोटिंग निघालं तिथे पोखरलेले. एकाचं डोकं बिट लावताच घसरलं. स्टेनलेसवरचा संरक्षक थर ऑक्सिजन मिळाला तरच भरून येतो. वॉशरखाली खारं पाणी अडकलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि बरं स्टेनलेससुद्धा पोखरलं जातं. मग साध्या पोलादाचं काय होणार!

कंपनीचं उत्तर: गंज वॉरंटीत बसत नाही. सुटे स्क्रूही देत नाहीत. पात्यावर ‘गंजरोधक’ कोरायचं आणि स्क्रूंमध्ये पैसे वाचवायचे, ही सरळ फसवणूक आहे. क्लिपचे स्क्रू आटे जुळवून एसएस ३०४ या स्टेनलेसचे बसवले, अगदी किरकोळ खर्चात. हे कंपनीला का जमू नये?

घेताना पोलादाइतकीच चौकशी स्क्रू आणि लायनरची करा. बेअरिंगऐवजी फॉस्फर ब्राँझचे वॉशर असलेला आणि मुठीची पाठ उघडी असलेला चाकू घ्या, म्हणजे आतून धुता येतो. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याखाली उघडमीट करा, झटका, वाळू द्या, मग सांध्यात खाण्याला चालणाऱ्या मिनरल ऑइलचा एकच थेंब. खोबरेल तेल नको. ते खवट होऊन चिकटतं. तारेच्या घासणीने पातं घासू नका. तिचे लोखंडी कण पात्यात रुततात आणि तेच गंजतात.

एच१ किंवा एलसी२००एन ही पोलादं गंजाच्या बाबतीत याच्याही पुढे आहेत. पण एच१मध्ये कार्बन जेमतेम ०.१५ टक्के, साधी धार लवकर उतरते. दोर कापायला दातेरी पातं असेल तर ठीक. घरगुती कामाला तेवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. रोज होडीवर जाणाऱ्याने तर फोल्डिंगच्या भानगडीत न पडता १४सी२८एनचाच न मिटणारा चाकू घ्यावा, म्यान प्लास्टिकचं आणि तळाला पाणी निचरायला भोक असलेलं. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं.