शेवटच्या सत्राला विषय निवडताना: फार्माकोव्हिजिलन्स घ्याच

बी.फार्मच्या आठव्या सत्रात यादीतून दोन ऐच्छिक विषय निवडायचे असतात. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचं लक्ष गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांवर, म्हणून रेग्युलेटरी सायन्सला गर्दी. मीही तो घेतला. सीटीडीचे (औषधाच्या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांचा ठरलेला साचा) 5 मॉड्यूल्स मुलाखतीसाठी पाठ हवेतच. पण जीव रमला तो फार्माकोव्हिजिलन्समध्ये.

औषध बाजारात आल्यावर त्याचे दुष्परिणाम कसे टिपायचे, हे इथे शिकायला मिळतं. त्रास औषधामुळेच झाला का, हे ठरवणाऱ्या नारांजो स्केलचे 10 प्रश्न शिकले त्याच आठवड्यात फोंड्याच्या आत्याचा कोरडा खोकला आठवला. एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासूनचा. ती बिचारी कफ सिरप पीत होती! तिला डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी बदलली, खोकला गेला. दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. हे गोव्यातल्या प्रत्येक फार्मसीत लिहून लावायला हवं.

खटकलं एवढंच की विषय फक्त थिअरीचा आहे, प्रात्यक्षिक नाही. दुष्परिणाम नोंदवायचा खरा फॉर्म रुग्णाशेजारी बसून भरायला मिळायला हवा. कॉस्मेटिक सायन्स घेतलेल्या मैत्रिणी खूश आहेत. रुग्णालयात किंवा फार्मसीत काम करायचं असेल, तर मात्र हाच घ्या.